मरुभूमीतील शरद

भाद्रपद सरत आला म्हणजे वर्तमानपत्रांच्या एखाद्या कोपऱ्यात एक लहानसे वृत्त हटकून झळकते : पश्चिम राजस्थानातून मान्सून परतू लागला. आमच्या इकडील घराघरांतून ते वाचले जाते आणि त्याचा अर्थ बहुधा एकच केला जातो, की झाला आता पावसाळा. छत्र्या माळ्यावर जातात, गाद्यांना ऊन दाखविण्याचे बेत होतात, आणि आठ दिवसांनी पुन्हा धो धो पाऊस आला म्हणजे वेधशाळेच्या नावाने बोटे मोडली जातात. २०२५ साली हे वृत्त १४ सप्टेंबरास आले. पितृपंधरवडा चालू होता. पुढे घटस्थापनेच्या सुमारास मराठवाड्यात व सोलापूरकडे असा पाऊस कोसळला, की सीनेकाठची गावे पाण्याखाली गेली, उभी पिके मातीसकट वाहून गेली, आणि गुराढोरांचे तर काही विचारूच नये. वेधशाळेचे वृत्त खोटे होते काय? मुळीच नव्हते. ते मरुभूमीचे वृत्त होते व मरुभूमीपुरते खरे होते. आपण ते आपल्या अंगणात आणून वाचले, एवढेच.

म्हणून या महिन्याच्या ऋतुविचारात आपले आकाश बाजूस ठेवून ज्या भूमीचे हे वृत्त, तिच्याच आश्विन-कार्तिकाचा विचार करावा असे आम्ही योजिले आहे. जैसलमेर, बाडमेर, बिकानेर, फलोदी हा तो मुलूख. तेथे शरद कसा येतो, त्याचे भाकीत कितपत करता येते, आणि त्या भाकितावर कोणाकोणाचे काय अवलंबून असते, हे पाहू गेल्यास विषय वाटतो त्याहून पुष्कळ गुंतागुंतीचा निघतो.

प्रथम पावसाच्या प्रयाणाविषयी. वैशाख-ज्येष्ठात थरची वाळू अशी तापते की तिच्यावरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तेथे कमी दाबाचे एक विस्तीर्ण क्षेत्र तयार होते. समुद्रावरील ओलसर वाऱ्यांस आत ओढून घेण्याच्या कामी या तापलेल्या भूमीचा मोठा हातभार असतो. गंमत अशी, की जी भूमी साऱ्या देशासाठी पावसाचे वारे बोलाविते तिच्या स्वतःच्या पदरात फारच थोडे पडते. वारे तेथवर पोहोचतात तेव्हा त्यांची ओल बव्हंशी वाटेतच खर्ची पडलेली असते. शिवाय वरच्या थरांत पश्चिमेकडील कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते व ती ढगांस उंच वाढू देत नाही. जैसलमेरास वर्षाचा पाऊस सरासरीने २०० मिलिमीटरही भरत नाही. पुढे सूर्य दक्षिणेकडे कलू लागला की वाळू थंडावते, दाब चढतो, वर गेलेली हवा आता खाली बसू लागते. खाली बसणारी हवा दबते, दबल्याने तापते, आणि तापल्याने तिच्यात ढग टिकत नाही. आकाश निरभ्र होते. मरुभूमीतील शरद तो हाच.

हे स्थित्यंतर झाले असे केव्हा म्हणावयाचे, याचे वेधशाळेने तीन दंडक घातले आहेत. पश्चिम राजस्थानावर हवेच्या खालच्या थरांत जास्त दाबाचे क्षेत्र स्थिरावले पाहिजे. सलग पाच दिवस पाऊस नसला पाहिजे. आणि उपग्रहाच्या चित्रांत हवेतील बाष्प स्पष्टपणे घटलेले दिसले पाहिजे. तिन्ही गोष्टी जुळल्या, तरीही १ सप्टेंबरापूर्वी माघार जाहीर करावयाची नाही, असा संकेत आहे. यावरून वाचकांच्या ध्यानी येईल की 'पाऊस परतला' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी तेथे किमान पाच कोरडे दिवस उलटून गेलेले असतात. म्हणजे हे वृत्त भाकीत नव्हे. घडून गेलेल्या गोष्टीची ती नोंद आहे.

या नोंदीची सर्वसाधारण तिथीही अलीकडे बदलली. १९४० पर्यंतच्या निरीक्षणांवरून बसविलेल्या जुन्या कोष्टकाप्रमाणे वायव्य राजस्थानातून १ सप्टेंबरास पाऊस निघे. २०२० साली वेधशाळेने नवे कोष्टक केले. माघारीसाठी १९७१ ते २०१९ हा काळ आधारास घेतला, आणि ती तिथी १७ सप्टेंबर ठरली. त्याच वेळी पाऊस साऱ्या देशभर पोहोचण्याची तिथी १५ जुलैवरून ८ जुलैवर आली. देशाच्या त्या टोकाचा पुस्तकी पावसाळा पूर्वी ४८ दिवसांचा होता तो ७१ दिवसांचा झाला! यात पाऊसच खरोखर लांबला असा भाग आहे, तसाच आधाराचा काळ व तिथी ठरविण्याची रीत बदलली हाही भाग आहे. तेव्हा कोणी एवढ्यावरून वाळवंट हिरवे होऊ लागल्याचा डंका पिटील, तर त्यावर आम्ही तरी लगेच विश्वास ठेवणार नाही. वायव्य भारतात अलीकडच्या दशकांत पाऊस वाढल्याचे अभ्यासक सांगतात हे खरे. परंतु वाढलेला पाऊस केव्हा आणि कसा पडतो हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

जाता जाता पुणेकर वाचकांसाठी एक गोष्ट. शिवाजीनगरातील ज्या दगडी मनोऱ्याच्या इमारतीस जुने लोक 'सिमला ऑफिस' म्हणत आले, ते नाव तिला १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले तेव्हापासून चिकटले. मुख्य ठाणे १९४४ मध्ये दिल्लीस गेले. नाव मात्र पुण्यातच राहिले. लांब मुदतीचे अंदाज बसविण्याचे काम आजही तेथे चालते. मरुभूमीच्या शरदाचे भाकीत वर्तविणारा एक हात तरी असा आपल्या मुळामुठेकाठचा आहे.

आता सरासरी तिथी १७ सप्टेंबर म्हटली, पण प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. २०१९ साली माघार सुरू झाली ती ९ ऑक्टोबरास. नोंदी ठेवू लागल्यापासून इतका उशीर कधी झाला नव्हता. त्यापूर्वीचा विक्रम १९६१ मधील १ ऑक्टोबरचा. पुढे २०२० मध्ये २८ सप्टेंबर, २०२१ मध्ये ६ ऑक्टोबर, २०२२ मध्ये २० सप्टेंबर, २०२३ मध्ये २५, २०२४ मध्ये २३, आणि २०२५ मध्ये, वर सांगितल्याप्रमाणे, १४ सप्टेंबर. या सात वर्षांत नेमकी १७ तारीख एकदाही साधलेली नाही. त्याहून नवलाची गोष्ट अशी : २०१९ व २०२५ या दोन वर्षांत माघारीच्या आरंभात २५ दिवसांचे अंतर होते, तथापि साऱ्या देशातून पाऊस निघून गेल्याचे जाहीर झाले ते दोन्ही वर्षी १६ ऑक्टोबरासच. एका वर्षी परतीचा प्रवास रमतगमत महिनाभर चालला, दुसऱ्या वर्षी आठवड्यात आटोपला. मरुभूमीत पाऊस केव्हा हलला यावरून तो मुंबईहून केव्हा हलेल याचे गणित मांडू पाहणाऱ्यांनी एवढे उदाहरण पुरे समजावे. मुंबईची सरासरी तिथी ८ ऑक्टोबर आहे. आणि आपल्याकडील हस्ताचा पाऊस, ज्याच्या स्वागतास आपल्या मुली पाटावर हत्ती मांडून फेर धरीत आल्या, तो याच संधिकाळातील.

शरदाच्या अंदाजात 'सरासरीपेक्षा अधिक' व 'सरासरीपेक्षा कमी' हे शब्द वारंवार येतात. मरुभूमीत ते फार जपून वाचावे लागतात. समजा, एखाद्या गावी ऑक्टोबरात नऊ वर्षे थेंबही पडला नाही आणि दहाव्या वर्षी एका संध्याकाळी ३० मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी निघाली ३ मिलिमीटर. या दहा वर्षांत ३ मिलिमीटरचा ऑक्टोबर कोणीच पाहिलेला नाही. नऊ वर्षांचा अनुभव शून्याचा, एका वर्षाचा दसपटीचा. अशा ठिकाणी 'सरासरीइतका पाऊस' या शब्दांचा अर्थ गावकऱ्याने काय करावा? पुण्या-नाशकाकडे सरासरी ही रोजच्या ओळखीची असामी आहे. मरुभूमीत ती निव्वळ कागदावर राहते.

हंगामाच्या बेरजेचेही तसेच. २०२३ साली जून महिन्यात बिपरजॉय नावाच्या चक्रीवादळाने बाडमेर-जालोरकडे मुसळधार पाऊस ओतला. त्याच वर्षीचा ऑगस्ट मात्र देशभर असा कोरडा गेला की १९०१ पासूनच्या नोंदींत तसा ऑगस्ट नाही. राजस्थान त्यात होरपळलाच. सप्टेंबराअखेर बेरीज केली तेव्हा पश्चिम राजस्थानाचा आकडा सरासरीच्या पुष्कळ पुढे होता! कागदोपत्री वर्ष उत्तम. परंतु बाजरी कागदावर पिकत नाही. तिला कणसे भरतेवेळी, श्रावण-भाद्रपदात, एक-दोन सरी लागतात. ज्येष्ठात पडलेले पाणी तिने कोठून आणावे?

बाजरीचा असा प्रश्न, तर तोच पाऊस पंधरवड्याने पुढे गेला म्हणजे दुसरा. आश्विनात कणसे पिकतात, कापणी होते, खळ्यावर ढीग पडतात. आता एक जोराची सर आली तर दाणा काळा पडतो, कणसातच मोड येतात, कडबा कुजतो. मूग, मोठ, ग्वार यांच्या शेंगांचीही तीच गत. तरीसुद्धा शेजारच्याच शेताचा धनी त्याच सरीसाठी आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो, कारण त्यास मोहरी पेरावयाची असते आणि जमिनीत वाफसा हवा असतो. एकाच गावात, एकाच संध्याकाळी, एकच सर एका घरी दिवाळी करते व दुसऱ्या घरी दिवाळे काढते. 'येत्या शरदात पाऊस चांगला होईल काय?' असे कोणी विचारले तर 'कोणासाठी?' असा उलट प्रश्न तेथे आधी करावा लागतो.

धनगराचा हिशेब आणखी निराळा. त्या भागातील राईका मंडळी मेंढ्या व उंट पाळतात. सेवण नावाचे गवत यंदा किती उगवले, गावच्या नाडीत, म्हणजे तळ्यात, पाणी केव्हापर्यंत पुरेल, हे दिवाळीपर्यंत कळून चुकते, आणि मग कळप घेऊन हरियाणाकडे किंवा माळव्याकडे केव्हा निघावयाचे ते ठरते. निघालेले कळप पुढल्या पावसाळ्याच्या तोंडीच घर पाहतात. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची काळजी, घरी मागे कोणी राहावयाचे, सारे या एका निर्णयास बांधलेले. सरकारी पाहणीही याच सुमारास होते. तिकडे तिला गिरदावरी म्हणतात. आपल्याकडे पूर्वी आणेवारी व आता पैसेवारी म्हणतात तसलाच हा प्रकार. तिच्यावर दुष्काळ जाहीर होणे न होणे अवलंबून. ज्या मुलखात विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, दुष्काळ 'छप्पनिया' या नावाने अद्याप बोलण्यात येतो, तेथे शरदातील हा अदमास म्हणजे नुसते कुतूहल नव्हे.

या अनिश्चिततेवर तेथील पूर्वजांनी काढलेली एक तोड मात्र आम्हांस फार मार्मिक वाटते. जैसलमेरच्या आसपास पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी 'खडीन' बांधण्याची पद्धत प्रचारात आणली. खडकाळ माळाच्या उतारावर, खालच्या बाजूस, मातीचा लांबच लांब बांध घालावयाचा. पावसाळ्यात सभोवारच्या माळाचे पाणी त्यामागे साचते व शेताचेच तळे होते. आश्विन-कार्तिकात पाणी जमिनीत मुरते, उरलेले काढून देतात, आणि त्या ओल्या गाळात गहू-हरभरा पेरतात. पुढे पाण्याचा एक थेंब न देता पीक हाती येते. शरदात पाऊस येवो अथवा न येवो. शरदाची ओल श्रावणातच बांधून ठेविलेली! आज कुलधऱ्याचे ओसाड वाडे पाहावयास प्रवाशांची रीघ लागते व तेथील शापाच्या कथा चवीने ऐकल्या जातात. त्याच पालीवालांचे खडीन मात्र थोडेच पाहुणे पाहतात. अजून कित्येक खडीनांत पीक निघते, आणि आमच्या मते खरे पाहण्यासारखे ते आहे.

पाऊस लांबला म्हणजे वाळवंटाचे कल्याणच झाले, असे दुरून वाटते. अनुभव तसा नाही. २०१९ चा लांबलेला पाऊस टोळधाडीस कसा मानवला ते पाहा. या गोष्टीचे मूळ दूर अरबस्तानात आहे. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू व ऑक्टोबरात लुबान अशी दोन चक्रीवादळे तेथील निर्जन वाळवंटावर पाणी ओतून गेली. टोळाची मादी ओल्या वाळूत अंडी घालते. दोनएक आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात. हिरवळ असली तर सुमारे तीन महिन्यांत एक पिढी पुरी होते व संख्या कित्येक पटींनी वाढते. माणसाची वस्ती नाही, पाहणारा कोणी नाही, अशा ठिकाणी पिढ्यांवर पिढ्या वाढल्या, आणि २०१९ च्या मे महिन्यात टोळ जैसलमेरच्या सीमेवर उतरले. एरव्ही सप्टेंबरात वाळू सुकली की येथील पैदास थांबते. त्या वर्षी पाऊस महिनाभर जादा रेंगाळला, वाळू ओली राहिली, आणि टोळांस आणखी एक पिढी वाढविण्यास अवसर मिळाला. हिवाळ्यात बाडमेर-जालोरचे जिरे, इसबगोल व मोहरी आणि गुजरातेत बनासकांठ्याची शेते त्यांनी फस्त केली. १९९३ नंतर असा उपद्रव झाला नव्हता. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात नवे थवे वऱ्हाड-नागपुराकडेही येऊन गेले, हे आमच्या विदर्भातील वाचकांस आठवत असेल. १९३९ साली स्थापन झालेले टोळसूचना खाते जोधपुराहून या शत्रूवर नजर ठेवून असते. त्या खात्याच्या दृष्टीने लांबलेला शरदाचा पाऊस म्हणजे सरळ संकटाची सूचना होय.

दुसरे संकट हिवतापाचे. १९९४ मध्ये थर भागात पाऊस भरपूर झाला आणि शरदात जैसलमेर, बाडमेर, बिकानेरकडे घातक हिवतापाची मोठी साथ उसळून पुष्कळ माणसे दगावली. जेथे वर्षानुवर्षे डास थोडे, तेथे लोकांच्या अंगी त्या रोगाशी झुंजण्याची शक्तीही थोडी. म्हणून एक ओला हंगाम तेथे घात करून जातो. २००६ च्या ऑगस्टात बाडमेर जिल्ह्यातील कवास या गावी महापूर आला, तेव्हा गावाखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी जिरेचना. वाळवंटातले ते गाव साचलेल्या पाण्यात महिनोन्महिने बुडून राहिले. शरद कोरडा पडला हेच त्या वर्षी बाडमेरकरांचे भाग्य म्हणावयाचे.

मग भाकितावर भिस्त ठेवावी ती किती? आमचे मत स्पष्ट आहे. तीन महिन्यांचे भाकीत मरुभूमीच्या शरदापुरते फारसे कामाचे नाही. पॅसिफिक महासागर तापला, म्हणजे ज्यास एल निनो म्हणतात तो झाला, की मान्सून दुबळा पडण्याकडे कल असतो. २००२ साली पश्चिम राजस्थानाने त्याचा भयंकर अनुभव घेतला. परंतु १९९७ चा एल निनो अत्यंत प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीस उतरला. शिवाय हा कल चार महिन्यांच्या बेरजेचा. खळ्यावर बाजरी असताना मंगळवारी संध्याकाळी सर येईल की नाही हे पॅसिफिक महासागर सांगत नाही. ते सांगतो चार-पाच दिवसांचा अंदाज, आणि तो आता पूर्वीपेक्षा पुष्कळच विश्वसनीय झाला आहे. दर गुरुवारी पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाजही निघतो. माघार केव्हा सुरू होईल याची चाहूल त्यात बहुधा आधी लागते. पहिल्या दोन आठवड्यांपलीकडचा भाग मात्र मोघम समजावा. कापणी चार दिवस लांबवावी की उरकून घ्यावी, फवारणीची पथके कोणीकडे धाडावी, याचे निर्णय या अल्प मुदतीच्या अंदाजांवर होऊ शकतात. मोठ्या अक्षरांत छापले जाते ते लांब मुदतीचे भाकीत, आणि उपयोगी पडते ते हे लहान. परंतु मोठ्या मथळ्याचा मोह वर्तमानपत्रांस आवरत नाही, त्यास काय करावे!

दिवाळीच्या सुटीत जैसलमेरकडे जाणारी मराठी कुटुंबे अलीकडे पुष्कळ झाली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. ऑक्टोबरात तेथे दिवसा पारा ३६ अंशांच्या आसपास चढतो व रात्री २० पर्यंत उतरतो. नोव्हेंबरात दिवस ३१ चा आणि पहाट १३ ची. हवेत बाष्प नाही, आकाशात ढग नाही, त्यामुळे वाळू दिवसभर घेतलेली उष्णता रात्री झरझर सोडून देते. वाळूच्या टेकडीवर सूर्यास्त पाहावयास जाताना अंगात सुती सदरा पुरतो, परतताना शाल लागते; लहान मुले व वृद्ध बरोबर असल्यास एखादे लोकरी वस्त्र हाताशी ठेवावे. घाम अंगावर दिसत नाही, लगेच उडून जातो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत जावे. फलोदीजवळ खीचन गाव आहे. मंगोलिया-कझाकस्तानाकडून येणारे कांड्या करकोचे, तिकडील लोकांच्या कुरजां, ऑगस्टअखेरीपासून तेथे उतरू लागतात आणि मार्चापर्यंत मुक्काम करतात. गावकरी त्यांस रोज दाणा घालतात. पहाटे लवकर जावे. हजारो पक्षी एकदम उतरताना दिसतात.

कार्तिक उलटला की पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने, थंडीचे झोत व त्यांबरोबर क्वचित ढग येऊ लागतात. त्यांतून पडणाऱ्या हलक्या पावसास राजस्थानात 'मावठ' म्हणतात, आणि मोहरी-हरभऱ्यास तो अमृतासारखा. त्याचा कारभार मान्सूनपासून सर्वस्वी वेगळा आहे. तो विषय पौषाच्या अंकात घेऊ.